आईच्या घरात राहणारी लेक आणि म्हाडाचा अर्ज: एका प्रकरणाचा अभ्यास

अर्जदार ३२ वर्षांची, अविवाहित. भांडुपमधल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत २४० चौरस फुटांच्या घरात ती, आई, मोठा भाऊ, वहिनी आणि चार वर्षांचा भाचा अशी पाच माणसे राहतात. घर वडिलांनी १९९४ मध्ये घेतले. २०१९ मध्ये ते वारले. मृत्युपत्र केलेले नव्हते, संस्थेकडे नामनिर्देशन मात्र आईच्या नावे होते. सातारा जिल्ह्यात गावी वडिलांच्या नावावरचे पक्के घर आहे आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरी तिथे तिन्ही वारसांची नावे चढली आहेत. तिचा वर्षाचा पगार ६ लाख २४ हजार, भावाचे उत्पन्न ८ लाखांच्या आसपास, आईला महिना १९ हजारांचे कुटुंब निवृत्तिवेतन. शिधापत्रिका एकच आणि तिच्यावर पाचही जणांची नावे.

हे एका व्यक्तीचे प्रकरण नाही. आई-वडिलांसोबत राहणाऱ्या कमावत्या मुलामुलींच्या अर्जांत ज्या अडचणी वारंवार येतात, त्या एकत्र करून ही परिस्थिती मांडली आहे. घरांच्या किमती, व्याजदर आणि पगार हिशेबासाठी धरलेले आहेत. उत्पन्नमर्यादा आणि अनामत रक्कम म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, मुंबई मंडळाच्या २०२४ च्या घरांच्या सोडतीप्रमाणे.

तिचा प्रश्न साधा आहे: "आईचं घर असताना मला म्हाडाचा अर्ज भरता येतो का?"

नातेवाईक सांगतात, येत नाही, रेशनकार्डावर नाव आहे ना. अर्ज भरून देणारा सांगतो, बिनधास्त भरा, घर तुमच्या नावावर कुठे आहे? दोघेही चुकतात आणि दोघांची चूक वेगळी आहे.

कुटुंब म्हणजे कोण

सगळा गुंता 'कुटुंब' या शब्दात आहे. शिधापत्रिकेसाठी एका चुलीवर जेवणारी पाच माणसे हे कुटुंब. म्हाडाच्या सोडतीत उत्पन्न मोजताना कुटुंब म्हणजे अर्जदार आणि त्याचा पती किंवा पत्नी, बस. आई, वडील, भाऊ यांचे उत्पन्न एका छताखाली राहत असले तरी धरत नाहीत. घराची मालकी तपासताना वर्तुळ थोडे मोठे होते: अर्जदार, पती किंवा पत्नी आणि अज्ञान (१८ वर्षांखालील) मुले. आई-वडील त्यातही नाहीत. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घरांसाठी मात्र कुटुंबाची व्याख्या पती, पत्नी आणि अविवाहित मुलगे-मुली अशी आहे. म्हणजे अविवाहित लेक, वय कितीही असो, शब्दशः पाहिले तर आईच्याच कुटुंबात मोडते.

त्यामुळे एकच बाई एका अर्जात स्वतंत्र कुटुंब ठरते आणि दुसऱ्या अर्जात आईच्या कुटुंबाची सदस्य. अर्ज भरण्याआधी आपण कोणत्या योजनेच्या घरासाठी भरतो आहोत हे संकेत क्रमांकानुसार (सोडतीतल्या प्रत्येक घरसमूहाला दिलेल्या क्रमांकानुसार) पाहावे लागते, कारण एकाच सोडतीत दोन्ही प्रकारची घरे असू शकतात. २०२३ च्या मुंबई मंडळाच्या ४,०८२ घरांच्या सोडतीत पहाडी गोरेगाव इथली १,९४७ घरे प्रधानमंत्री आवास योजनेतली होती. बाकीच्यांना तो नियम लागू नव्हता.

भावाची गोष्ट वेगळी. तो त्याच घरात राहतो, पण विवाहित आहे. त्याने अर्ज केला तर वहिनीचे उत्पन्न त्यात मिळवले जाईल आणि वहिनीच्या माहेरच्या घरात तिचे नाव असेल तर तेही तपासले जाईल. बहीण आणि भाऊ एकाच खोलीत झोपतात, तरी दोघांची पात्रता एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र आहे. दोघेही आपापले अर्ज भरू शकतात.

भांडुपचे घर: खरा पेच इथे आहे

म्हाडाच्या माहितीपुस्तिकेतली अट अशी: अर्जदाराच्या, त्याच्या पती किंवा पत्नीच्या अथवा अज्ञान मुलांच्या नावे, ज्या महानगरपालिकेच्या हद्दीत सदनिका आहे तिथे मालकी तत्त्वावर, भाडेखरेदी पद्धतीने किंवा नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सदस्य म्हणून निवासी गाळा किंवा भूखंड नसावा.

वडील हयात असते तर प्रश्नच नव्हता. घर त्यांचे, लेक त्यांच्याकडे राहते, तिच्या नावे काही नाही, ती पात्र. आई-वडील दोघे हयात आणि घर त्यांच्याच नावावर, अशा बहुसंख्य तरुण अर्जदारांना हे प्रकरण इथेच थांबवता येईल.

पण वडील मृत्युपत्र न करता गेले. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे पत्नी, मुलगा, मुलगी आणि मृताची आई. आजी आधीच वारलेली, म्हणून तीन वारस आणि तीन सारखे हिस्से. हा हिस्सा वडील गेले त्या दिवशीच तिच्याकडे आला. त्यासाठी कुठे नाव चढावे लागत नाही, सही करावी लागत नाही, तिला तो हवा की नको हेही कुणी विचारत नाही.

"पण नामनिर्देशन आईच्या नावे आहे ना?" आहे, पण नामनिर्देशनाने मालकी बदलत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले. त्यातल्या कलम १५४ब-१३ प्रमाणे भाग आणि हक्क कायद्याने ठरलेल्या वारसांकडे जातात. तोवर नामनिर्देशित व्यक्तीला संस्था तात्पुरता सदस्य करून घेते. आई आज तीच आहे, तात्पुरती सदस्य. भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) तिचे नाव एकटे दिसले तरी घरात तिघांचे हिस्से आहेत.

अनेक घरांत इथे आणखी एक कागद केलेला असतो. संस्थेने भागपत्र आईच्या नावे करताना मुलांकडून पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी केलेले ना-हरकतपत्र घेतलेले असते आणि त्यावर मुले लिहून देतात की आमचा काही हक्क नाही. हा कागद संस्थेला तिच्या कामापुरता पुरतो, त्याने हिस्सा सुटत नाही. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. नोटरीच्या कागदाच्या भरवशावर "माझ्या नावे घर नाही" असे प्रतिज्ञापत्र करणे धोक्याचे आहे.

अविभक्त तिसरा हिस्सा म्हणजे 'नावे घर असणे' होते का, यावर वाद घालता येईल. अटीत टक्केवारी दिलेली नाही आणि संस्थेच्या सदस्यांत तिचे नाव नाही. आमचे मत स्पष्ट आहे: हिस्सा आहे असेच धरून चालावे. सोडत लागल्यावर, पहिला हप्ता भरल्यावर, कर्ज मंजूर झाल्यावर कुणी तक्रार केली तर सिद्ध करण्याचे ओझे विजेत्यावर येते. प्रतिज्ञापत्र खोटे ठरले तर सदनिका रद्द होते आणि फौजदारी कारवाईची वाट मोकळी होते. वारसांमध्ये भांडण असेल तर तक्रार करणारा बहुधा घरचाच असतो.

(वडिलांचे घर पागडीचे असते तर उत्तर बदलले असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो आणि भाडेहक्क ही मालकी नव्हे. पण त्या चाळीचा विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली पुनर्विकास होऊन नव्या सदनिकेचा करार झाला, की भाडेकरू मालक होतो. गिरगाव-लालबागच्या कित्येक घरांत हा बदल कुणाच्या ध्यानात न येता झालेला असतो.)

हिस्सा सोडावा का

अर्ज भरून देणारे लोक इथे एक सोपा उपाय सुचवतात: आईच्या नावे हक्कसोडपत्र करून टाका, म्हणजे तुम्ही मोकळ्या. प्रक्रिया खरेच अवघड नाही. वारसाहक्काने आलेल्या मिळकतीतला हिस्सा मोबदला न घेता आई, भाऊ, बहीण अशा जवळच्या नात्यात सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र असते. लागणारे कागद म्हणजे मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, मूळ करार, भागपत्र, मालमत्ता कराचे बिल, सर्वांचे आधार आणि पॅन, दोन साक्षीदार. दस्तात दोन गोष्टी ठळक लिहाव्यात. पहिली, मिळकत वारसाहक्काने आली आहे. दुसरी, हक्क कुणाच्या लाभात सोडला आहे. मोबदल्याचा उल्लेख आला किंवा मिळकतीचे स्वरूप संदिग्ध राहिले तर सोडलेल्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर अभिहस्तांतरणाचे, म्हणजे विक्रीच्या दस्तासारखे, शुल्क लागू शकते. म्हणून मसुदा आधी दुय्यम निबंधक कार्यालयात दाखवून घ्यावा.

प्रक्रिया सोपी असली तरी हा निर्णय हलका नाही. भांडुपच्या घराची किंमत ६० लाख धरू. तिचा तिसरा हिस्सा २० लाखांचा झाला. मुंबई मंडळाच्या २०२४ च्या सोडतीत २,०३० घरे होती आणि अनामत भरलेले अर्ज १ लाख १३ हजारांहून जास्त, म्हणजे सरासरी एका घरामागे ५५-५६ अर्ज. अल्प उत्पन्न गटात ६२७ घरे होती. हक्कसोडपत्र अर्ज भरण्याच्या आधी नोंदवलेले हवे आणि सोडत लागली नाही म्हणून ते मागे घेता येत नाही. पन्नासातल्या एका शक्यतेसाठी २० लाखांचा हक्क आधी सोडायचा, असा हा व्यवहार आहे.

आई म्हणते, "मी मृत्युपत्रात तुझा वाटा लिहून ठेवीन." ती मनापासून म्हणते, पण मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येते. भावाच्या घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या आईवर पुढच्या वीस वर्षांत काय दडपण येईल हे आज कुणालाच सांगता येत नाही. मुलींनी हिस्सा सोडायचा ही आपल्याकडची जुनी चाल आहे. तिला म्हाडाच्या अर्जाचे निमित्त मिळू नये असे आम्हाला वाटते. अर्जाचा सल्ला देणाऱ्याने हे तिच्यासमोर उघड बोलले पाहिजे आणि ते बोलताना भाऊ खोलीत नसलेला बरा.

अट पुन्हा वाचली तर

मालकीची अट 'ज्या महानगरपालिकेच्या हद्दीत सदनिका आहे तिथे' अशी आहे. भांडुप बृहन्मुंबई महानगरपालिकेत येते. म्हणून भांडुपमधला हिस्सा मुंबई मंडळाच्या घरांना आडवा येतो. ठाणे, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार, नवी मुंबई इथल्या म्हाडाच्या कोकण मंडळाच्या घरांना तो आडवा येत नाही, अर्थात ते घर प्रधानमंत्री आवास योजनेतले नसेल तर.

ही या प्रकरणातली सर्वांत उपयोगी गोष्ट आहे आणि तीच सर्वांत कमी सांगितली जाते. हिस्सा न सोडता, खोटे न लिहिता, स्वच्छ प्रतिज्ञापत्रावर ती कल्याणच्या घरासाठी अर्ज करू शकते. शिवाय तिथे गर्दीही कमी. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी ठाण्यात निघालेल्या कोकण मंडळाच्या सोडतीत २,२६४ घरांसाठी सुमारे २५ हजार अर्ज होते, म्हणजे एका घरामागे अकरा. विरार-बोळींजसारख्या ठिकाणी विक्रीविना राहिलेली घरे 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' तत्त्वावर निघतात. त्यांच्या अटी सोडतीपेक्षा बऱ्याच सैल असतात. दुपारच्या लोकलने जाऊन इमारत, पाणी आणि स्थानकापासूनचे अंतर पाहून यावे, मगच पैसे भरावेत.

कोकण मंडळाच्या सोडतीत बरीच घरे '२० टक्के सर्वसमावेशक योजने'तली असतात. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर खासगी विकासकाने इमारत बांधली, की वीस टक्के घरे अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटांसाठी द्यावी लागतात. पात्रता म्हाडा तपासते, करार विकासकाशी होतो. म्हणून जाहिरातीतल्या किमतीत काय धरले आहे ते विकासकाकडून लेखी घ्यावे: वस्तू व सेवा कर, संस्था स्थापनेचा खर्च, आगाऊ देखभाल शुल्क, वाहनतळ. हे धरलेले नसले तर ऐन ताब्याच्या वेळी दीड-दोन लाखांचा खड्डा पडतो.

उत्पन्न: कोणता कागद द्यायचा

मुंबई महानगर प्रदेशात अत्यल्प गटाची मर्यादा वर्षाला ६ लाख, अल्प गटाची ९ लाख, मध्यम गटाची १२ लाख, त्यापुढे उच्च गट. कमी उत्पन्नाच्या माणसाला वरच्या गटात अर्ज करता येतो, उलटे चालत नाही.

तिचा पगार ६ लाख २४ हजार. जुन्या करपद्धतीत त्यातून ५० हजारांची प्रमाणित वजावट गेली की ५ लाख ७४ हजार, आणि भविष्य निर्वाह निधी व विम्याचे ४० हजार वजा झाले की ५ लाख ३४ हजार. पगारपत्रक तिला अल्प गटात बसवते आणि विवरणपत्रातला शेवटचा आकडा अत्यल्प गटात. अशा कडेवरच्या अर्जदाराने मोह टाळून मोठा आकडा धरावा आणि अल्प गटातच भरावे. अत्यल्प गटात भरून छाननीत पगार वरचा निघाला तर अर्ज जातो. अल्प गटात भरला तर दोन्ही आकड्यांनी ती पात्र राहते. घरही मोठे मिळते, कारण अत्यल्प गटाच्या घराचे चटई क्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत असते आणि अल्प गटाचे ६० पर्यंत.

आता आई-वडिलांसोबत राहणाऱ्यांचा हमखास फसण्याचा मुद्दा. उत्पन्नाचा पुरावा म्हणून आयकर विवरणपत्र चालते आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखलाही चालतो. विवरणपत्र भरलेले नसलेला मुलगा सेतू केंद्रात जाऊन दाखला काढतो. तलाठी चौकशी करतो ती शिधापत्रिकेवरून, आणि शिष्यवृत्तीसाठी काढतात तसा साऱ्या घराचे उत्पन्न बेरजेत धरलेला दाखला हाती येतो. या घराचा तसा दाखला काढला तर तिचे ६.२४, भावाचे ८ आणि आईचे २.२८ लाख मिळून साडेसोळा लाख होतात. अल्प गटाची अर्जदार कागदावर उच्च गटात जाऊन बसते. संगणकाला तो आकडाच दिसतो, त्यामागची पाच माणसे दिसत नाहीत.

उपाय असा: अविवाहित कमावत्या अर्जदाराने स्वतःचे विवरणपत्रच द्यावे. पगार करपात्र नसला तरी शून्य कराचे विवरणपत्र भरता येते. सोडतीत मागील आर्थिक वर्षाचे उत्पन्न मागतात, म्हणून जाहिरातीची वाट न पाहता दरवर्षी जुलैअखेरच्या मुदतीत ते भरून ठेवावे. घरकाम, फेरी, रिक्षा अशा कामांतल्या माणसाला तहसीलदारांचा दाखलाच काढावा लागला, तर स्वयंघोषणापत्रात फक्त स्वतःचे उत्पन्न लिहून, दाखला म्हाडाच्या अर्जासाठी हवा असल्याचे नमूद करावे आणि हाती आल्यावर त्यावर कुणाचे उत्पन्न लिहिले आहे ते तिथेच वाचावे.

अधिवास: कॉलेजचा जुना दाखला

राज्यात मागच्या वीस वर्षांत सलग पंधरा वर्षे वास्तव्य हवे. तिचा जन्मच मुंबईतला, त्यामुळे पात्रतेचा प्रश्न नाही. प्रश्न दाखल्याचा आहे. तिच्याकडे २०१० मध्ये प्रवेशासाठी काढलेले वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र आहे. ते चालत नाही, जानेवारी २०१८ नंतरचे बारकोड असलेलेच लागते. २०२३ पासून कागदपत्रांची पडताळणी सोडतीच्या आधी ऑनलाइन होते. जुने प्रमाणपत्र चढवले की अर्ज तिथेच अडतो, आणि तोवर शेवटची तारीख आठवड्यावर आलेली असते. 'आपले सरकार'वरून नवे काढायला दोन-तीन आठवडे धरावेत.

वीजबिल वडिलांच्या नावे, शिधापत्रिका वडिलांच्या नावे, मग पंधरा वर्षांचा पुरावा कशाचा द्यायचा, असे अनेक जण विचारतात. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि वडिलांची जुनी शिधापत्रिका यांची साखळी पुरते. वर्षांत खंड दिसत असेल, म्हणजे मधली चार वर्षे शिक्षणासाठी बंगळूरला वगैरे गेली असतील, तर तो भाग नीट पाहावा, कारण वास्तव्य 'सलग' लागते.

गावचे घर

सातारा जिल्ह्यातले घर मुंबई किंवा कोकण मंडळाच्या नेहमीच्या घरांना आड येत नाही, ते हद्दीबाहेर आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घराला मात्र ते अडवते, कारण तिथे देशात कुठेही पक्के घर नसावे अशी अट आहे.

अविवाहित लेक आईच्या कुटुंबात मोडते, हे वर आलेच. या अडचणीवर २०१५ च्या योजनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत पुढे एक वाट काढली गेली: कमावती प्रौढ व्यक्ती, विवाहित असो वा नसो, स्वतंत्र कुटुंब धरता येईल, मात्र तिच्या स्वतःच्या नावे देशात कुठेही पक्के घर नको. आई-वडिलांकडे राहणाऱ्या असंख्य तरुणांसाठी ही तरतूद दार उघडणारी होती. तिच्यासाठी नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर तिचे नाव आहे. दगडी भिंतीच्या, कौलारू, वर्षातून चार दिवस उघडणाऱ्या त्या घराने तिची ती वाट बंद केली. गावठाणातल्या घरांना आता स्वामित्व योजनेखाली मालमत्तापत्रके मिळत आहेत, त्यामुळे अशी नावे पूर्वीपेक्षा सहज सापडतात. वारस नोंद झालेली आहे हेच कित्येक मुलींना ठाऊक नसते. अर्जाआधी उतारा मागवून पाहावा.

सप्टेंबर २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात आणखी एक अट आहे: मागील वीस वर्षांत केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेच्या कुठल्याही योजनेतून घर मिळालेले कुटुंब अपात्र. वडिलांना झोपडपट्टी पुनर्वसनात घर मिळाले आणि मुले त्यातच राहतात, अशा घरांनी ही अट आणि त्या टप्प्यातली कुटुंबाची व्याख्या एकत्र वाचावी.

पैशाचे गणित

पात्रता मिळाली म्हणजे घर मिळाले असे नव्हे. महिन्याला हाती ४६ हजार येतात. बँक निम्मा हप्ता धरते, म्हणजे २३ हजार. साडेआठ टक्के आणि वीस वर्षांच्या हिशेबाने लाखामागे ८६८ रुपये, म्हणून कर्ज साडेसव्वीस लाखांपर्यंत.

मुंबईतले अल्प गटाचे घर ४५ लाखांचे धरू. कर्जाखेरीज साडेअठरा लाख हवेत. महिलांना एक टक्का सवलत धरून मुद्रांक शुल्क ५ टक्के, म्हणजे सव्वादोन लाख, शिवाय नोंदणी फी ३० हजार. एकूण २१ लाखांच्या वर रोख. हक्कसोडपत्राने ती सोडणार होती तो हिस्सा २० लाखांचा. मुंबईच्या घरासाठी पात्र व्हायला जे सोडायचे, जवळपास तेवढेच पैसे ते घर घ्यायला कमी पडतात.

कल्याणचे घर २८ लाखांचे धरू. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत परवानगी आहे, म्हणून २५.२ लाख कर्ज, हप्ता २१,९०० च्या आत. पदरचे २ लाख ८० हजार. मुद्रांक शुल्क कल्याणात महिलेला ६ टक्के, १ लाख ६८ हजार, आणि नोंदणी २८ हजार. सगळे मिळून पावणेपाच लाखांच्या थोडे वर. विकासकाचे इतर खर्च आणि दिवाबत्ती-पंखे धरून सात लाख हाताशी असावेत. सात-आठ वर्षे आईकडे राहून बचत केलेल्या मुलीला हे जमण्यासारखे आहे.

भाऊ सह-कर्जदार झाला तर कर्ज वाढेल असे घरी बोलले जाते. भाऊ-बहीण जोडीला बऱ्याच बँका नाखूश असतात, आणि भावाचे नाव मालकीत घातले तर महिलांची मुद्रांक सवलतही जाते. म्हाडाचे वितरण अर्जदाराच्या नावे होते, भावाला त्यात घेता येत नाही. आई सह-कर्जदार होऊ शकते, पण तिच्या वयामुळे मुदत आखडते.

ज्यांच्याकडे पदरचे पैसे नाहीत त्यांनी सोडत लागल्यावर पाहू म्हणून अर्ज करू नये. मुंबईत अल्प गटाला ५० हजार अनामत आहे. सोडत लागली नाही तर ती व्याजाविना परत येते. लागूनही घर नाकारले तर पूर्ण हाती येत नाही. घर ताब्यात आल्यापासून पाच वर्षे विकताही येत नाही, म्हणजे उसनवारीने घेऊन विकून फेडू हा बेतही नको.

ठरले ते

हक्कसोडपत्र करायचे नाही. मुंबई मंडळाचा अर्ज भरायचा नाही. कोकण मंडळाच्या पुढच्या सोडतीत कल्याण आणि ठाणे परिसरातल्या दोन संकेत क्रमांकांना, अल्प उत्पन्न गटात, स्वतंत्र अनामत भरून अर्ज. प्रधानमंत्री आवास योजनेतले संकेत क्रमांक गाळायचे. जाहिरातीआधी तयार ठेवायचे कागद: नवे अधिवास प्रमाणपत्र, मागील आर्थिक वर्षाचे विवरणपत्र, आधार आणि पॅन. दोन्हींवरचे नाव अक्षर न् अक्षर सारखे हवे. तिच्या पॅनवर वडिलांचे नाव मधे आहे आणि आधारवर नाही, ते आधी दुरुस्त करायचे. या एवढ्याशा फरकावर पडताळणीत अर्ज लोंबकळतात.

वारसा हक्काची कागदपत्रे, म्हणजे मृत्यूचा दाखला, मूळ करार, भागपत्र आणि गावचा उतारा, अर्जाला जोडायची नाहीत, पण फाईलमध्ये ठेवायची. प्रतिज्ञापत्रात "ठाणे/कल्याण-डोंबिवली महानगरपालिका हद्दीत माझ्या नावे निवासी घर नाही" हे विधान असेल, ते खरे आहे. मसुद्यात "कुठेही घर नाही" असे शब्द छापलेले असतील तर सही करण्याआधी थांबून तो नमुना त्याच संकेत क्रमांकाचा आहे का हे तपासायचे.

भांडुपची संस्था पुनर्विकासाच्या बैठका घेते आहे. नव्या इमारतीच्या करारावर तिन्ही वारसांच्या सह्या मागितल्या जातील आणि तेव्हा हक्कसोडपत्राचा विषय पुन्हा निघेल. कल्याणची सोडत लागो वा न लागो, त्या कागदावर सही करण्याआधी तिने स्वतःचा वकील वेगळा नेमावा.